जपानी शिकायचंय, पण पुस्तकं सगळी इंग्रजीत!

मागच्या अंकात आम्ही परदेशी भाषांबद्दलचे प्रश्न मागवले होते. फ्रेंच-जर्मनचे थोडेफार आले, बाकी गठ्ठा सगळा जपानीचा. कुठला क्लास लावू, फी किती, हे प्रश्न सध्या बाजूला ठेवलेत, आज फक्त घरी बसून आपलं आपण शिकणाऱ्यांचे घेतेय. जपानी शब्द देवनागरीतच दिलेत, लांबवायचा स्वर असेल तिथे पुढे ऽ टाकलाय.

प्रश्न (नाशिक): मी मेकॅनिकल इंजिनियर आहे, कंपनीचं काम जपानी क्लायंटबरोबर चालतं. शिफ्टमुळे क्लास जमत नाही म्हणून स्वतःच शिकायचं ठरवलंय, पण पुस्तकं, व्हिडिओ सगळं इंग्रजी लोकांसाठी. माझं दहावीपर्यंत मराठी मीडियम. नेटवर वाचलं की इंग्रजी बोलणाऱ्याला जपानीला २२०० तास लागतात. मग मला दुप्पट लागतील ना?

दुप्पट कशाला हो, काही बाबतीत तर कमीच लागतील. तो २२०० चा आकडा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषा शिकवणारी संस्था आहे तिचा आहे. म्हणजे मातृभाषा इंग्रजी असलेले त्यांचे अधिकारी रोज वर्गात बसून शिकतात, तेव्हा कामकाजात नीट वापरता येईल इतकी भाषा यायला लागणारे वर्गातले तास. त्यांच्याच यादीत स्पॅनिशला याच्या साधारण एक तृतीयांश वेळ धरलाय. एवढा फरक कशामुळे, तर एक म्हणजे कांजी, चीनमधून आलेली चित्रासारखी अक्षरं, तिथून तुमची-माझी कुणाचीच सुटका नाही, आणि दुसरं म्हणजे वाक्य. इंग्रजीवाल्याला जपानी वाक्य शेवटून सुरू केल्यासारखं वाटतं, क्रियापद शेवटी, ‘ला-चा-हून’ सारखी शेपटं नामाच्या मागे, ‘मी’ ‘तू’ गाळलं तरी कुणाचं काही अडत नाही. हे दुसरं तुम्हाला कुणी शिकवायचीच गरज नाही, तुम्ही बोलायला लागल्यापासून तेच करताय.

एक नमुना सांगते. इंग्रजी पुस्तकात ‘ते’ रूपाचा धडा आला की पानंच्या पानं नियम असतात आणि बिचारी पोरं तिथे गळतात. तुम्ही असं बघा, ताबेरु म्हणजे खाणे, ताबेते म्हणजे खाऊन. मिरु म्हणजे बघणे, म्हणून ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणे. ओकु म्हणजे ठेवणे, म्हणून त्सुकुत्ते ओकु म्हणजे बनवून ठेवणे, पाहुणे यायच्या आधी आपण बनवून ठेवतो ना, अगदी त्याच अर्थाने. ताबेते शिमात्ता म्हणजे खाऊन टाकलं, त्यात ‘अरे, नको होतं’ हा सूरही येतो आणि ‘संपवलं एकदाचं’ हाही. आणि घरातून निघताना जपानी माणूस म्हणतो इत्ते किमासु, जाऊन येतो! नुसतं ‘जातो’ तोही म्हणत नाही. एवढं एकदा डोक्यात बसलं की इंग्रजीतले ते खुलासे नुसते चाळून पुढे जायचं.

असंच अजून. किनोऽ कात्ता होन म्हणजे काल घेतलेलं पुस्तक, शब्दाला शब्द, क्रम तोच. कुरु तो इत्ता म्हणजे येतो म्हणाला, इंग्रजीसारखी काळाची उलटापालट नाही. आवडण्याचंही तसंच, इंग्रजीत माणूस वस्तूला आवडून घेतो आणि आपल्याकडे वस्तू माणसाला आवडते, जपानीतही ‘सुकी’ म्हणजे आवडती असते ती वस्तूच, म्हणून तिला ‘गा’ हे शेपूट लागतं. इंग्रजीवाल्यांना हा ‘गा’ पचायला महिने जातात. माझं स्पष्ट मत आहे की पुस्तक खुशाल इंग्रजी वापरा, पण वहीत समोरचा अर्थ मराठीतच लिहा. इंग्रजी बोलणाऱ्याच्या अडचणी फुकटच्या आपल्या डोक्यावर घेऊ नका.

पण मराठीही सगळीकडे हात देत नाही बरं का. ‘घरात आहे’ आणि ‘घरात जेवतो’, आपल्याला दोन्हीकडे ‘त’ पुरतो, जपानीत असण्याला ‘नी’ आणि काही करण्याला ‘दे’, तिथे आपली माणसं हमखास घसरतात. नामामागच्या ‘वा’ आणि ‘गा’ या शेपटांमधला फरक तर कुठल्याच भाषेवर नीट बसत नाही, कधीकधी ‘वा’ ला आपला ‘तर’ चालतो (‘मी तर जाणार नाही’), पण दर वेळी नाही. ते नियमाने येत नाही, वाक्यं ऐकून ऐकूनच येतं.

आणि तुमचं काम क्लायंटबरोबर आहे म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. आदर द्यायचा हे आपल्याला माहीत असतं, पण तिथे त्याची दिशा वेगळी आहे. आपण बाहेरच्या माणसाला ‘आमचे साहेब आलेत’ म्हणतो. जपानीत क्लायंटशी बोलताना आपल्या साहेबाच्या नावामागचा आदराचा ‘सान’ काढून टाकायचा, कारण समोरच्यापुढे आपली सगळी कंपनीच खाली. साहेबाचं नाव तानाका असेल तर ऑफिसात तानाका-सान, आणि क्लायंटचा फोन आला की नुसतं तानाका. मराठी माणसाच्या तोंडून हे निघत नाही, साहेबाचं नुसतं नाव घ्यायचं म्हणजे काय! पण ती सवय लावून घ्याच. आणि स्वतःच्या नावाला ‘सान’ कधीच नाही.

पुस्तकाचं म्हणाल तर आपल्याकडच्या क्लासेसमध्ये ‘मिन्ना नो निहोंगो’ सर्रास चालतं, पण ते मुख्य पुस्तक पूर्ण जपानीत आहे, व्याकरणाचं इंग्रजी पुस्तक वेगळं घ्यावं लागतं आणि समजावून सांगायला शिक्षक आहेत असं गृहीत धरूनच ते लिहिलंय. एकट्याने शिकणाऱ्याला ‘गेन्की’ सोपं जातं, खुलासे त्याच पुस्तकात आणि इंग्रजी साधं. दमड्या मोजायच्या नसतील तर जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ ऑडिओसकट फुकट डाउनलोड होतं, जपानात जाऊन राहणाऱ्या-काम करणाऱ्यांसाठी केलंय ते, तुमच्या उपयोगाचं आहे. कुठलंही एक घ्या आणि ते संपवा. तीन पुस्तकांचे पहिले पाच-पाच धडे करणारे खूप बघितलेत.

प्रश्न (न्यू जर्सी): मुलगा १५ वर्षांचा, इथेच जन्मलेला. घरी मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत. अॅनिमेच्या नादाने वर्षभर अॅपवर जपानी शिकतोय, रोजची साखळी मोडू देत नाही, पण परवा आमच्या जपानी शेजारीणबाईंपुढे एक वाक्य धड बोलता आलं नाही. कुठे चुकतंय?

अॅप काय करतं की ओळखायला शिकवतं, चार पर्यायांतून बरोबर निवडायला. स्वतः वाक्य जुळवायला ते फारसं सांगतच नाही, मग शेजारीणबाईंपुढे जीभ कशी हलणार. साखळी चालू राहू दे, त्याला आनंद मिळतोय ना, पण रोज पाच वाक्यं स्वतः बनवून मोठ्याने बोलायची, फोन बाजूला ठेवून.

पहिलं काम, अॅपमध्ये रोमन अक्षरं दिसत असतील तर आजच्या आज बंद करा. जपानीच्या दोन अक्षरमाला आहेत, हिरागाना ४६ अक्षरांची आणि काताकानाही ४६ ची, मन लावलं तर हिरागाना आठवडा-दोन आठवड्यांत होतो आणि त्याच्या वयाला तर आरामात. रोमन समोर असेल तर तो इंग्रजी वाचतो तसंच वाचणार, काराओकेचं कॅरिओकी करणार. काताकानात ‘शि’ आणि ‘त्सु’ जुळे भाऊ आहेत, दोन बारक्या रेघा आणि एक मोठी, सगळी पोरं तिथे रडतात. बघून पाठ करू नका म्हणावं, हाताने लिही. ‘शि’ च्या बारक्या रेघा डाव्या बाजूला एकाखाली एक आणि मोठी खालून वर जाते, ‘त्सु’ च्या बारक्या रेघा वरती शेजारी शेजारी आणि मोठी वरून खाली येते. पाच-सहा ओळी लिहिल्या की पुन्हा गोंधळ होत नाही.

काताकानात परदेशी शब्द लिहितात, इंग्रजीवाल्या मुलाला तो फुकटचा शब्दसाठा वाटतो, कारण अर्धे शब्द इंग्रजीतूनच गेलेले. तिथेच फसायला होतं. मान्शोन म्हणजे हवेली नव्हे, साधा फ्लॅट. कोन्सेन्तो म्हणजे भिंतीतला प्लग लावायचा सॉकेट. बिरु म्हणजे बिल्डिंग आणि स्वर लांबवला, बीऽरु, की बियर, तेव्हा १५ वर्षांच्या मुलाने इथे जरा जपून!

आता अॅनिमे. ऐकायची सवय लागते, उच्चार कानावर पडतात, म्हणून बंद करू नका. पण त्यातली पात्रं भांडत असतात, तलवारी उपसत असतात, त्यांची भाषा शेजारीणबाईंशी चालत नाही. ‘ओरे’ म्हणजे मी, पण रांगडा मी. ‘ओमाए’ म्हणजे तू, मित्रामित्रांत किंवा वरून खाली. ‘किसामा’ तर शिवीच्या जवळचं, खऱ्या आयुष्यात कुणाला म्हणूच नये. पुस्तकातला ‘आनाता’ (तुम्ही) सुद्धा इंग्रजीच्या सवयीने वाक्यावाक्यात टाकायचा नाही, समोरच्याचं नाव घेऊन ‘सान’ लावायचा किंवा सरळ गाळायचा. मुलगा प्रत्येक वाक्य ‘वाताशी वा’ (मी) ने सुरू करत असेल तर ती पक्की इंग्रजीची खूण.

एक सुचवते, बघा पटतंय का. त्याला मराठी समजतं ना, मग वरच्या नाशिकच्या उत्तरातली वाक्यं त्याला दाखवा, खाऊन बघ, करून ठेव, जाऊन येतो. त्याच्या वर्गातल्या बाकीच्यांना जे कळायला वेळ लागतो ते त्याच्या कानात आधीपासून आहे, फक्त त्याला कुणी सांगितलेलं नाहीये.

प्रश्न (कोल्हापूर): मी एफ.वाय.ला आहे. व्याकरण जमतंय पण कांजी दिसली की वही मिटून टाकते. २१३६ कांजी! कशा पाठ करू?

अगं, एकदम २१३६ कडे बघितलं की कुणाचीही वही मिटेल. २०१० साली जपान सरकारने नित्य वापराची जी यादी सुधारली तिच्यातला हा आकडा, आणि तिथल्या मुलांनासुद्धा पहिलीत फक्त ८० असतात, सहावी संपेपर्यंत १०२६, उरलेल्या पुढच्या शाळेत. दिवसरात्र जपानी ऐकणाऱ्या मुलांना सहा वर्षं देतात, तू स्वतःला सहा महिने देऊ नकोस.

कांजी सुटी सुटी पाठ करायची नाही, शब्दात करायची. ‘जीवन’ अर्थाचं एक कांजी आहे, साधं पाच रेघांचं, पण सेन्सेइ म्हणजे शिक्षक, त्यात त्याचा उच्चार सेइ, इश्शोऽ म्हणजे जन्मभर तिथे शोऽ, इकिरु म्हणजे जगणे तिथे इ, उमारेरु म्हणजे जन्मणे तिथे उ, आणि कच्चं म्हणायचं असेल तर नामा. उच्चारांची ही यादी पाठ केलीस तर डोकं फुटेल, हे पाच शब्द पाठ केलेस तर उच्चार आपोआप आले.

दुसरं, आतले तुकडे ओळखायला शीक. माणूस आणि शेजारी झाड, म्हणजे विश्रांती. तेच, पण झाडाच्या बुंध्याला एक बारीकशी आडवी रेघ मारली की शरीर. एका रेघेवर अर्थ पालटतो, म्हणून लिहून बघायचं, टाइप करून नाही. आणि इंग्रजी पुस्तकं काय करतात, प्रत्येक कांजीला एक गोष्ट रचून देतात, अर्थ लक्षात राहतो हे खरं पण उच्चाराचा धागा त्यात हरवतो. आता बघ हं, ‘देऊळ’ चं एक कांजी आहे, त्याचा चिनी वळणाचा उच्चार जि. त्याच्या डावीकडे सूर्य लावला की वेळ, उच्चार जि. हात लावला की धरणे, उच्चार पुन्हा जि. वाणी लावली की कविता, इथे शि, म्हणजे जवळपास तेच. डावा तुकडा अर्थ सुचवतो, उजवा उच्चार. नेहमीच असं नसतं, त्याच देवळाच्या डावीकडे चालण्याची खूण आली की वाट बघणे, तिथे उच्चार ताइ, काही संबंधच नाही. तरीही असे जुगाड सापडत गेले की नवीन कांजी अनोळखी राहत नाही.

रोज किती? नवीन पाच पुरेत, पण मागच्यांची उजळणी चुकवायची नाही. त्यासाठी ‘आंकी’ हे उजळणीचं अॅप वापर, कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. जे विसरतेस ते लवकर परत दाखवतं, जे येतंय ते लांबवर ढकलतं. तयार पत्त्यांचा हजारोंचा गठ्ठा उतरवून घेऊ नकोस, आपल्या धड्यातल्या शब्दांचे पत्ते आपणच बनव, निम्मं पाठांतर तिथेच होतं.

प्रश्न (सोलापूर): मी जपानी शब्द देवनागरीत लिहून पाठ करतो. मित्र हसतात, इंग्रजीत लिही म्हणतात. कोण बरोबर?

हसू द्या. उच्चारासाठी रोमनपेक्षा देवनागरी कितीतरी सरस, त्यातून मराठी माणसाची. ‘त्सु’ साठी इंग्रजीवाले झटापट करतात, आपल्या ‘चूल’ मधला च थेट तोच. ‘जुना’ मधला ज तिथेही आहे. अनुस्वार तर अगदी आपल्यासारखा वागतो, शिंबुन म्हणजे वर्तमानपत्र तिथे म, कांजीत न, गिंकोऽ म्हणजे बँक तिथे ङ, पुढचं अक्षर बघून आपोआप बदलतो. अक्षरांचा क्रमसुद्धा आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा, ओळखीचा वाटतोय ना? बौद्ध भिक्षूंनी संस्कृतचा, सिद्धम् लिपीचा जो अभ्यास केला त्याचा तो परिणाम, डिक्शनरी चाळताना फार कामाला येतो.

धोके दोन. आपण परदेशी शब्दात सवयीने ट-ड घालतो, टोकियो म्हणतो, ते तोऽक्योऽ आहे, ट-ठ-ड-ढ तिथे नाहीतच. आणि आपला आ लांबच असतो, तिथे आखूड आ आणि लांब आ वेगळे. ओबासान म्हणजे मावशी-काकू, ओबाऽसान म्हणजे आजी. पन्नाशीच्या बाईंना चुकून दुसरं म्हणून बघा काय होतं ते! तेव्हा सुरुवातीला देवनागरी ठीक, हिरागाना आला की मात्र सोडून द्या.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत एन५, एन४ या खालच्या पायऱ्या सोडून थेट एन३ दिली तर चालते का? आणि घरी शिकून पास होता येतं का?

चालते, खालची पास असायची अट नाही. घरी शिकूनही होता येतं. १८० पैकी एन५ ला ८० लागतात आणि एन३ ला ९५, पण एन३ ला तिन्ही भागांत ६० पैकी किमान १९ हवेतच, एकट्याने शिकणारे लिसनिंगमध्ये तिथेच मार खातात. २०१० पासून कांजी-शब्दांची अधिकृत यादी काढत नाहीत, नेटवरच्या याद्या अंदाजाच्या असतात. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आपल्याकडे पुणे-मुंबई सेंटर आहेत, फॉर्म निघाले की लगेच भरायचे, जागा भरतात. आणि एक ध्यानात ठेवा, या परीक्षेत बोलायचा भागच नाही, लिहायचाही नाही, सगळं पर्याय निवडायचं. एन२ पास होऊन इंटरव्ह्यूत गप्प बसणारे असतात ते यामुळे.

प्रश्न (ठाणे): मी ६६ वर्षांचा. मुलगा ओसाकाला, सून जपानी, चार वर्षांची नात मराठी बोलत नाही. परीक्षा नको, नातीशी बोलायचंय. या वयात येईल का?

येईल की, आणि काका, तुमचा सिलॅबस सगळ्यात मजेचा आहे. फक्त एक करा, पुस्तकं ‘देसु-मासु’ ची अदबशीर भाषा आधी शिकवतात, ती सूनबाईंच्या आईवडिलांसाठी राखून ठेवा. चार वर्षांच्या पोरीशी घरात कुणी तसं बोलत नाही. तिच्याशी साधी रूपं, ताबेरु? (खातेस?), मिते! (बघ!), नेमुइ? (झोप आलीय?). क्रियापदाचा सूर वर नेला की झाला प्रश्न, वेगळं काही लावायला नको. लिंग-वचन तर नाहीच, केला-केली-केलं मध्ये परदेशी माणूस आपल्याकडे जसा बुडतो तसं तुमचं होणार नाही.

हिरागाना शिकून घ्या आणि मुलाला लहान मुलांची चित्रांची पुस्तकं पाठवायला सांगा, त्यात कांजी नसतात आणि शब्द सुटे छापलेले असतात. नादशब्द भरपूर असतात, लखलख ला पिकापिका, छातीत धडधड ला दोकिदोकि, कुत्रा वानवान करतो आणि मांजर न्या. आपल्या खळखळ-किलबिल मध्ये वाढलेल्या माणसाला ते पटकन जमतात, नात तर त्यावरच खूश होईल.

मोजताना माणसं आली की हितोरी, फुतारी, आणि तीनपासून पुढे सान-निन, यो-निन. आपल्याकडे नाही का एकटा, दोघे, तिघे आणि पुढे पाच जण, सहा जण, तसंच धरा. आणि ती तुम्हाला बहुतेक ‘जीऽजि’ म्हणेल, तिथे आजोबांना लहान मुलं लाडाने तसं म्हणतात, आणि आपल्यासारखंच घरातलं सगळ्यात लहान मूल ज्याला जे म्हणतं तेच मग बाकीचेही म्हणायला लागतात, म्हणजे सूनही कदाचित तेच म्हणेल, दचकू नका. मुलाला मात्र बजावून सांगा, व्हिडिओ कॉलवर मधे मधे भाषांतर करायचं नाही, काही अडलं तर नातीलाच परत विचारीन म्हणावं, मोऽ इचिदो, म्हणजे पुन्हा एकदा.